सौंदर्यदर्शनाचा अधिकार

श्रावणात सवड काढून मुलाबाळांसह एखादा धबधबा पाहून यावे, या बेतात नीतीचा काही प्रश्न दडलेला असेल, अशी शंका सहसा कोणाच्या मनास शिवत नाही. द्यूत, मद्यपान, परनिंदा इत्यादी करमणुकींविषयी आपल्या शास्त्रकारांनी व वडीलधाऱ्यांनी पुष्कळ सांगून ठेवले आहे. परंतु डोळे भरून निसर्ग पाहणे निंद्य ठरवावे, असे कोणाच्या स्वप्नातही आलेले नाही. दुसऱ्याच्या झाडाचा आंबा मी खाल्ला तर त्याचा एक आंबा कमी होतो. पण धबधब्याकडे मी घटकाभर पाहिले म्हणून दुसऱ्याच्या वाट्याचे पाणी काही आटत नाही. विद्येप्रमाणे सौंदर्यही वाटल्याने सरत नाही, असे आम्ही वर्गात शिकवीत आलो, आणि या सिद्धांतावर माझी स्वतःची कित्येक वर्षे पूर्ण निष्ठा होती. ती अलीकडे ढळली आहे. ती कशी ढळली आणि तिच्या जागी दुसरे काय उभे करता येईल, याचा विचार येथे करावयाचा आहे.

विषय डोळ्यांपुढे नीट उभा राहावा म्हणून एक स्थळ घेऊ. सांगलीहून कराडास व तेथून कोयनेच्या खोऱ्याने पाटणवरून कोयनानगरास गेले, म्हणजे पुढे सुमारे दहा किलोमीटरांवर नवजा हे गाव लागते. त्याच्या जवळच, कोयना अभयारण्याच्या परिसरात, ओझर्डे धबधबा आहे. सह्याद्रीच्या ज्या थोड्या गावांत पाऊस केवळ पडत नाही तर वस्तीस येऊन राहतो, त्यांपैकी नवजा हे एक होय. छत्र्या निरुपयोगी ठरतात, दुपारी दिवेलागणीसारखा अंधार असतो, आणि झाडीतून चढत जाणाऱ्या वाटेवर धबधबा दिसण्यापूर्वी त्याचा आवाज येऊन पोहोचतो. मग एका वळणावर झाडी बाजूला होते आणि काळ्या कातळावरून कोसळणारे ते पांढरे पाणी एकदम समोर येते. मी प्रथम गेलो तेव्हा माझ्यापुढे चालणारे एक वृद्ध गृहस्थ त्या वळणावर थांबले आणि त्यांनी नकळत पायांतील वहाणा काढून हातात घेतल्या. मी मात्र खिशातून दूरध्वनियंत्र काढले व छायाचित्र घेतले. आसपासची पन्नास-साठ माणसेही तेच करीत होती. कोणी मोठ्याने गाणी लावली होती, कोणी भाजलेल्या कणसांची बुरकुंडे झुडपांत भिरकावीत होते. मनात त्या लोकांविषयी तुच्छता बाळगून आणि स्वतःविषयी समाधान बाळगून मी परतलो. रसिक व अरसिक असा भेद करून आपण रसिकांच्या बाजूस उभे राहणे ही शिक्षितांची जुनीच सवय आहे.

या समाधानास तत्त्वज्ञानाचा आधारही हजर असतो. जर्मन तत्त्ववेत्ता काण्ट याने १७९० साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात असे प्रतिपादन केले आहे की, सौंदर्याचा आनंद हा निरपेक्ष असतो. वस्तू मला मिळावी, उपयोगी पडावी, अशी वासना त्यात नसते. उदात्त दृश्यांची उदाहरणे देताना त्याने उंच धबधब्याचाही उल्लेख केला आहे, आणि त्यासोबत एक अटही घातली आहे. असली भयंकर दृश्ये मोहक वाटतात ती आपण सुरक्षित जागी उभे असू तरच. ही अट मी अनेक वर्षे विद्यार्थ्यांना समजावून दिली. परंतु ती केवढी मोठी अट आहे, हे माझ्या ध्यानात आले नव्हते. कारण, ती सुरक्षित जागा कोणी करून दिली, तिची किंमत कोणी भरली, हा प्रश्न काण्टच्या विवेचनात उद्भवत नाही आणि आमच्या वर्गातही उद्भवत नव्हता.

तो प्रश्न त्या पाण्यानेच उभा केला. ओझर्ड्याचे पाणी खाली उतरून शिवसागरास मिळते. शिवसागर म्हणजे कोयना धरणाचा जलाशय. त्यात सुमारे १०५ अब्ज घनफूट पाणी मावते. त्यातील पुष्कळसे पाणी डोंगराच्या पोटातील बोगद्यांतून पश्चिमेस नेऊन पोफळीच्या बाजूस खाली सोडतात व त्यावर वीज होते. १९६२ सालापासून हा उद्योग चालू असून सगळे टप्पे मिळून त्याची क्षमता १९६० मेगावॅटपर्यंत गेली आहे. उरलेले पाणी कोयनेच्या पात्रातून कराडास येते, प्रीतिसंगमावर कृष्णेस मिळते आणि आमच्या सांगलीच्या घाटाला लागून पुढे जाते. म्हणजे ज्या दिव्याखाली बसून मी काण्ट वाचतो, त्या दिव्यात तो धबधबा आहे. माझ्या घरच्या नळात तो आहे. आणि २०१९ च्या ऑगस्टात व २०२१ च्या जुलैत कृष्णेचे पाणी सांगलीच्या पेठांत शिरले, तेव्हा त्या पुरातही तो होता. २०२१ च्या त्याच पावसात पाटण तालुक्यातील आंबेघर, मिरगाव, ढोकावळे येथे दरडी कोसळून माणसे गाडली गेली. तोच पाऊस, तेच डोंगर. मी सुरक्षित जागी होतो म्हणून माझ्या पदरी दृश्य आले. ते सुरक्षित जागी नव्हते म्हणून त्यांच्या पदरी मरण आले. अशा स्थितीत मी त्या पाण्याचा निरपेक्ष साक्षी आहे असे म्हणणे हा निव्वळ विस्मरणाचा प्रकार होय.

आता त्या सुरक्षित जागेच्या किमतीचा हिशेब पाहू. कोयना धरणासाठी शंभराच्या घरात गावे उठली. १९६७ सालच्या ११ डिसेंबरच्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला आणि त्यात दीडशेहून अधिक माणसे दगावली. पुढे १९८५ साली कोयनेचे अभयारण्य झाले, त्याच वर्षी दक्षिणेस वारणेच्या खोऱ्यात चांदोलीचे अभयारण्य झाले. चांदोलीस २००४ साली राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला आणि २०१० साली ही दोन्ही अरण्ये मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प अस्तित्वात आला. सातारा, सांगली, कोल्हापूर व रत्नागिरी अशा चार जिल्ह्यांत तो पसरला आहे. २०१२ साली पश्चिम घाटाची गणना जागतिक वारशात झाली, तेव्हा कोयना आणि चांदोली ही दोन्ही नावे त्या यादीत आली. या प्रत्येक घटनेविषयी मला अभिमान वाटतो, आणि तो सोडण्याचे कारण मला दिसत नाही. पण वारसा जगाचा झाला त्याआधी तो काही कुटुंबांचा होता. चांदोलीच्या जंगलातील गावांचे सांगली-कोल्हापूरकडील सपाटीवर पुनर्वसन झाले. कोयनेच्या धरणग्रस्तांना तर आपल्या हक्काच्या जमिनीसाठी २०१८ सालीही कोयनानगरास ठिय्या देऊन बसावे लागले. धरण बांधून झाले त्याला तेव्हा अर्धशतक उलटून गेले होते.

ही सर्व माहिती मला पुस्तकी रीतीने होती. परंतु ती अंगास लागली नव्हती. ती अंगास कशी लागली हे सांगताना मला स्वतःचा एक अपराध कबूल करावा लागेल.

काही वर्षांपूर्वी याच डोंगररांगेतील दुसरा एक धबधबा पाहण्याची मला अनावर इच्छा झाली. स्थळाचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. तो जंगलाच्या आतल्या भागात होता आणि पावसाळ्यात तिकडील वाट बंद असे. मी एका ओळखीच्या वजनदार गृहस्थांकडून चिठ्ठी मिळविली. फाटकापाशी भर पावसात दोन खेडूत घोंगड्या पांघरून उभे होते. त्यांना आत कोठल्याशा देवाला नारळ वाढवावयाचा होता. त्यांच्याजवळ चिठ्ठी नव्हती. पहारेकऱ्याने माझी चिठ्ठी वाचली, एकदा त्या दोघांकडे पाहिले आणि मुकाट्याने फाटक उघडले. त्याचा तो मुकाटपणा मला त्या वेळी आदब वाटला. धबधबा खरोखरच अपूर्व होता. तेथे आमच्याखेरीज कोणी नव्हते, आणि ते एकटेपण म्हणजे आपल्या रसिकतेचे पारितोषिक आहे, असे मला वाटले.

पुढच्या आठवड्यात मी वर्गात त्या प्रवासाचे वर्णन केले. तास संपल्यावर एक विद्यार्थी मागे राहिला आणि संकोचाने म्हणाला, “सर, माझी आजी त्याच अंगाची. तिचं गाव उठलं तेव्हा ती खाली आली. तुम्ही जाऊन आलात म्हटलं तर तिला फार बरं वाटेल. तिला येऊन सांगाल का?” नाही म्हणता आले नाही. एका रविवारी मी त्याच्याबरोबर त्यांच्या वसाहतीत गेलो. सरळ रस्ते, एकासारखी एक घरे, मागे उसाचे रान. डोंगर कोठेच दिसत नव्हता. म्हातारी ओट्यावर भुईमुगाच्या शेंगा फोडीत बसली होती. मी उत्साहाने धबधब्याची उंची, धुके, इंद्रधनुष्य यांचे वर्णन करू लागलो. तिने ते शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, “मास्तर, खालच्या पानवठ्याचा उंबर हाय का अजून?” मी उंबर पाहिला नव्हता. “आन् सतीच्या दगडापाशी वाट हुती, ती बुजली आसंल?” मी दगडही पाहिला नव्हता. ज्या धबधब्याचे मी तिला वर्णन करून सांगत होतो, त्याच्या पाण्यावर तिचे घर चालले होते; मी त्याचे चित्र तेवढे घेऊन आलो होतो.

शेवटी काहीतरी भरपाई करावी या बुद्धीने मी म्हणालो, “आजी, तुम्हांला पुन्हा पाहावासा वाटत असेल. मी परवानगीची खटपट करतो, आपण गाडी करून जाऊ.” ती हसली. म्हणाली, “कशाला? त्यो हाय की तिथं. म्या बघितला न्हाई म्हनून जातुया का कुठं?”

हे शब्द तिने सहज उच्चारले. त्यांत तक्रार नव्हती, वैराग्याचा आवही नव्हता. परंतु परतीच्या वाटेवर माझ्या मनात त्यांनी ठाण मांडले. अडाणी माणूस निसर्गाच्या सान्निध्यात राहतो म्हणून त्याला सौंदर्य दिसत नाही, ते दूरच्या सुशिक्षित डोळ्यांनाच दिसते, असे एक मत आपल्यात रूढ आहे. त्या मताप्रमाणे धबधब्याचा खरा भोक्ता मी आणि ती केवळ पाणी भरणारी. पण तिची वृत्ती व माझी वृत्ती शेजारी ठेवून पाहिली तर काय आढळते? धबधबा आहे, एवढे तिला पुरेसे होते. मला तो आहे एवढे पुरेना. तो माझ्या डोळ्यांपुढे, माझ्या सवडीच्या दिवशी, शक्य तर मला एकट्याला हवा होता. काण्टच्या कसोटीस मग कोण उतरला? निरपेक्षतेवर व्याख्याने देणाऱ्याने चिठ्ठी आणली होती. जिला त्या शब्दाचा गंधही नव्हता ती वासनेवाचून त्या धबधब्याची आठवण करीत होती.

यावरून माझ्या मनाशी जो निर्णय झाला तो असा. जंगल राखावयाचे म्हणून आपण, म्हणजे आपल्या नावाने सरकारने, काही माणसांकडून घर, शेत, देव आणि पाणवठा मागून घेतला. ती मागणी योग्य होती की नाही आणि तिचा मोबदला पुरा पडला की नाही, हा स्वतंत्र व गंभीर वाद आहे. परंतु घर देणाऱ्यास आपण जे कारण सांगितले, ते आपणांसही बंधनकारक असले पाहिजे. अरण्याला माणसाचा उपद्रव नको, हे ते कारण. ते खरे असेल तर सहलीस येणारा माणूसही माणूसच होय. तिने त्या अरण्यासाठी घर सोडले. मला एक दृश्य सोडता येत नसेल, तर मी निसर्गाच्या रक्षणाची भाषा बोलू नये हे बरे.

यावर आक्षेप येतील, आणि ते विचारात घेतले पाहिजेत. पहिला आक्षेप असा की, जे सौंदर्य कोणी पाहिले नाही त्याचे असणे आणि नसणे सारखेच. तेव्हा न पाहण्यात कसले पुण्य? हा आक्षेप तर्काच्या वर्गात शोभेल, परंतु अरण्यात टिकणार नाही. धबधब्याच्या डोहावर सांबर येते, गवा येतो. नोव्हेंबर २०२५ मध्ये ताडोब्याहून वाघीण आणून चांदोलीच्या जंगलात सोडण्यात आली. त्यांच्या दृष्टीने ते पाणी निरर्थक नाही. शिवाय ज्याच्या असण्याला माझ्या पाहण्याची गरज नाही अशी वस्तू जगात आहे, हे जाणणे हाही एक आनंदच होय. माझ्या मते दर्शनाच्या आनंदाहून तो अधिक टिकाऊ असतो.

दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे. ज्यांचे पाहून झाले तेच इतरांना ‘पाहू नका’ म्हणून सांगतात, असा तो आहे. इंग्रज कवी वर्ड्‌स्वर्थ याचे उदाहरण येथे मनन करण्यासारखे आहे. विंडरमिअर सरोवराकडे रेल्वे नेण्याची योजना १८४४ साली निघाली, तेव्हा त्याने वृत्तपत्रांत पत्रे लिहून व सुनीत रचून तिला विरोध केला. निसर्गाची आवड ही हळूहळू मुरणारी गोष्ट असून गिरण्यांतील मजुरांना एका दिवसाच्या सहलीने ती लाभणार नाही, असा त्याचा युक्तिवाद होता. गंमत अशी की, त्या सरोवरांच्या प्रदेशाचे मार्गदर्शक पुस्तक त्यानेच लिहिले होते आणि ते वाचून सुखवस्तू लोक तेथे येतच होते. १८४७ साली रेल्वे झाली, आणि मजुरांनाही सरोवर पाहण्यास मिळाले. माझी सहानुभूती येथे कवीपेक्षा त्या मजुरांकडे आहे. ओझर्ड्याच्या वाटेवर मला ज्यांचा तिरस्कार वाटला, त्यांत सहा दिवस कारखान्यात राबून सातव्या दिवशी मोकळा वारा घेण्यास आलेले कित्येक असतील. त्यांना तेथे येण्याचा माझ्याइतकाच अधिकार आहे. आणि नवज्यासारख्या गावांत चहा, भजी, कणसे विकून चार पैसे मिळविणाऱ्यांना ते येण्याची गरजही आहे. तेव्हा गर्दी हटवा आणि धबधबा रसिकांसाठी राखा, असे मी म्हणत नाही. माझे म्हणणे नेमके याच्या उलट आहे. जी वाट उघडी आहे ती सर्वांना सारखी उघडी असावी, आणि जी बंद आहे ती सर्वांना सारखी बंद असावी. आणि पहिली शिस्त चिठ्ठी आणू शकणाऱ्यांनी पाळावी, कारण मोह त्यांनाच अधिक आणि अडथळा त्यांनाच कमी. मला एक अपवाद मान्य होईल. देवाला नारळ वाढविण्यास आलेल्या त्या दोघांसाठी वर्षातून एकदा फाटक उघडावे. त्यांचा त्या जागेशी संबंध दृश्याचा नाही.

हा संयम आपल्या परंपरेस परका नाही. सह्याद्रीतील गावोगावी देवराया आहेत. भोवतालचे डोंगर उघडे पडले तरी तेथील काटकी कोणी मोडली नाही. तेथील भीतीस आपण अंधश्रद्धा म्हणतो, आणि ती तशी असेलही. परंतु ‘हे आपल्यासाठी नाही’ असे म्हणून जगाचा एक तुकडा बाजूस ठेवण्याची शक्ती तीत होती. ती भीती गेली आणि तिच्या जागी आपण कायदा आणला. कायद्याला चिठ्ठी चालते, देवराईला चालत नसे. ईशावास्योपनिषदाने आपल्या पहिल्याच मंत्रात भोग आणि त्याग यांची सांगड घातली आहे. भोग टाकून त्याग करावा, असा त्याचा अर्थ मी लहानपणी समजत असे. आता मला वाटते, त्यागावाचून भोग शुद्धच होत नाही, असे त्याचे सांगणे असावे. ज्याने एक धबधबा न पाहता सोडला, त्याला दुसऱ्या धबधब्यापुढे उभे राहण्याची योग्यता येते.

गेल्या श्रावणात एका स्नेह्यांनी जंगलाच्या आतील एका प्रसिद्ध धबधब्याचा बेत आणला. परवानगीचे मी पाहतो, असे त्यांनी मोठ्या मनाने सांगितले. मी नको म्हणालो. त्यांना ते थोडे अवघडच वाटले, आणि माझ्या पत्नीलाही. आम्ही सर्व मिळून ओझर्ड्यास गेलो. गर्दी होती, गाणी होती, कणसेही होती. धबधब्यापुढे उभे असताना मला सारखी आठवण येत होती ती न पाहिलेल्या उंबराची, आणि त्या आठवणीने समोरचे दृश्य उणे न होता भरल्यासारखे वाटले. खाली उतरताना माझ्या नातवाने विचारले, “आजोबा, तो दुसरा आपण कधी पाहायचा?” म्हातारीचे वाक्य माझ्या ओठांवर आले होते, पण ते मला तिच्यासारखे सहज म्हणता येणार नाही असे वाटले. मी त्याला एवढेच सांगितले की, तो तेथे आहे, आणि त्याच्यासाठी कोणीतरी आपले घर सोडले आहे. मग त्याने त्या घरासंबंधी प्रश्न विचारावयास आरंभ केला, तो कराड येईपर्यंत विचारीत राहिला. मला जेवढी उत्तरे येत होती तेवढी मी दिली.